दिवा सरकवल्याने प्रकाश वाढत नाही, सावली हलते: चार फुटी टाकीतल्या प्रवाळांसाठी सरकता दिवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: खाऱ्या पाण्याची टाकी १२० × ६० × ६० सेंमी, वर १५० वॅटचा एकच एलईडी दिवा. मधल्या दगडावर मॉन्टिपोरा हे प्रवाळ बरे चालले आहे, पण दोन्ही कडांना टाकलेले फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचे छोटे तुकडे, तपकिरी पडत आहेत. दुसरा दिवा घेण्याऐवजी हाच दिवा मोटर लावून रुळावर मागेपुढे सरकवला, तर सगळ्या टाकीत एसपीएस (बारीक पॉलिपची, जास्त उजेड मागणारी कठीण प्रवाळे; पॉलिप म्हणजे वसाहतीतला एकेक छोटा जीव) वाढतील का? आणि मोटर कोणती घ्यायची?

एका दिव्यावर सगळी टाकी एसपीएसची होणार नाही. पण दिवा सरकवायची कल्पना टाकून देऊ नका, ती दुसऱ्या कामासाठी फार मोलाची आहे.

आधी हिशेब पाहू. प्रवाळाच्या पेशीतल्या झूझँथेली शैवालाला लागणारा प्रकाश आपण पारमध्ये मोजतो, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन, एकक मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. तुमच्यासारख्या लेन्सवाल्या दिव्याखाली, ३० सेंमी खोलीवर, साधारण असा आलेख मिळतो असे धरा: बरोबर खाली ४००, दहा सेंमी बाजूला ३७०, वीसवर २५०, तीसवर १३०, पस्तीसवर १०० आणि साठवर जेमतेम २५. तुमच्या दिव्याचे आकडे वेगळे येतील, पण उताराचा आकार असाच असेल. कडेचे फ्रॅग तपकिरी का पडतात हे यातच दिसते.

आता दिवा मध्यापासून दोन्हीकडे ३५-३५ सेंमी, एकसारख्या वेगाने सरकवा. मध्यबिंदूला मिळणारी सरासरी ४०० वरून सुमारे २७० वर उतरते आणि मध्यापासून ३५ सेंमीवरची १०० वरून सुमारे १६० वर चढते. कडेला मिळालेला प्रकाश मधून काढून घेतलेला आहे. हा फरक आणखी कमी करायला दिवा टोकांना थांबवावा लागतो. एकूण वेळेचा तिसरा भाग दोन टोकांत मिळून थांबवला तर मध्य २१५ आणि टोक १७५ असे जवळ येते. रोज दहा तास दिवा चालला तर २१५ पार म्हणजे दिवसाला ७.७ मोल आणि १७५ म्हणजे ६.३ मोल. कागदावर हे छान दिसते, आणि बरेच जण इथेच थांबतात.

प्रवाळ मात्र सरासरीवर वाढत नाही. प्रकाश वाढवत नेला की प्रकाशसंश्लेषण आधी सरळ वाढते, मग वळते आणि एका पातळीला सपाट होते. टाकीतल्या पुष्कळ एसपीएस प्रवाळांसाठी ही सपाटी २०० ते ४०० पारच्या दरम्यान येते. आपण २५० धरू. दिवा डोक्यावर असताना पडणारे ४०० पैकी वरचे १५० वाया जातात आणि दिवा लांब गेल्यावर आलेली तूट त्यातून भरून निघत नाही. वरच्या उदाहरणात २५० च्या वरचे सगळे कापून टाकले तर मध्यबिंदूची उपयोगी सरासरी २१५ नसून १७५ च्या आसपास उरते, म्हणजे जवळपास सहावा भाग गेला. शिवाय सपाटीच्या वरचा प्रकाश फक्त वाया जातो असेही नाही. तो जास्त वेळ राहिला तर शैवालाच्या प्रकाशयंत्रणेला इजा करतो. त्यापासून बचावासाठी शैवाल डायडिनोझँथिनचे डायाटोझँथिन करून जादा ऊर्जा उष्णतेत सोडते. हा बदल मिनिटांत होतो आणि अंधार पडल्यावर उलटायलाही वेळ घेतो. म्हणून एका फेरीचा काळ दहा मिनिटांच्या आत ठेवा. अर्धा तास प्रखर आणि अर्धा तास काळोख अशी संथ फेरी सगळ्यांत वाईट.

तेव्हा सध्याच्या एका दिव्याला ७० सेंमीची लांब फेरी लावली तर मध्यभागी मॉन्टिपोरा टिकेल, कडेला युफिलिया, अकॅन, ब्लास्टोमुसा यांसारखे एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कठीण प्रवाळ) आणि मऊ प्रवाळ मजेत राहतील. अ‍ॅक्रोपोरा (हीही एसपीएसच) मात्र त्यात टाकू नका.

सरकत्या दिव्याचे खरे काम सावलीचे आहे. समुद्रात सूर्य तासाला १५ अंश सरकतो, वर आकाशाचा आणि पाण्यातून विखुरलेला उजेड चारही बाजूंनी येतो. टाकीत एलईडी एका जागेवरून, लेन्समधून गाळून येतो. अ‍ॅक्रोपोराची झुडपासारखी वसाहत वाढली की वरच्या फांद्यांची गडद सावली खालच्या फांद्यांवर दिवसभर एकाच ठिकाणी पडते. वाकून पाहिले तर दिसते: फांदीची वरची बाजू रंगीत, पॉलिप बाहेर; तिच्याच खालच्या बाजूचा रंग आधी फिका होतो, मग पॉलिप आत ओढून बसतात, आणि बुडाकडून नखाएवढा पांढरा सांगाडा उघडा पडायला लागतो. लोक याला क्षारतेचा (अल्कलिनिटीचा, खारटपणाचा नव्हे) दोष समजून डोस बदलत बसतात. क्षारता, फॉस्फेट, आत पोचत नसलेला प्रवाह ही कारणेही असू शकतात आणि ती तपासलीच पाहिजेत, पण पांढरेपणा फक्त सावलीच्या बाजूला असेल तर आधी दिव्याकडे बघा.

सावली हलवायला लांब फेरी लागत नाही. दिवा पाण्यापासून २५ सेंमी वर, फांदी २० सेंमी खोल आणि तिच्याखाली १० सेंमीवर दुसरी फांदी असेल, तर दिवा २० सेंमी सरकला की सावली साडेतीन-चार सेंमी सरकते. पाण्यातले वक्रीभवन धरूनचा हा आकडा आहे. बोटाएवढ्या जाड फांद्यांना एवढे पुरते. तिथला कायमचा अंधार जातो आणि कोणत्याही प्रवाळाला फार काळ काळोखात राहावे लागत नाही.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. त्याच जातीचा दुसरा दिवा घ्या, दोन्ही एका आडव्या पट्टीवर ६० सेंमी अंतराने घट्ट बसवा, आणि ती पट्टी मागेपुढे मिळून फक्त २० सेंमी डुलवा. वरचाच आलेख धरला तर प्रत्येक दिव्याखाली सरासरी ४०० आणि दोघांच्या मधे ३०० पडते. दोन्ही दिवे ७० टक्क्यांवर चालवले की २८० आणि २१०. अ‍ॅक्रोपोरा आणि मॉन्टिपोराला हा पट्टा उत्तम आहे. बाजूच्या काचेजवळ शंभरच्या आसपास राहते, तिथे एलपीएस ठेवा. कमी टक्क्यांवर चालणारे दिवे कमी तापतात, एलईडीचे आयुष्यही वाढते. पैसे आत्ता एकाच गोष्टीला पुरणार असतील तर आधी दुसरा दिवा घ्या. रूळ नंतर बसवता येतो.

आता मोटर. २० सेंमीच्या फेरीला स्टेपर (पावलापावलाने फिरणारी मोटर), तिचा ड्रायव्हर, लिमिट स्विच (टोक गाठल्याचे कळवणारा खटका) यांपैकी काहीच लागत नाही. १२ व्होल्टची, अर्धा आरपीएमची गिअर मोटर घ्या, टॉर्क निदान १० किलो-सेंमी. तिच्या शाफ्टवर १० सेंमी त्रिज्येची भुजा बसवा आणि भुजेच्या टोकापासून दिव्यांच्या पट्टीपर्यंत ४० सेंमीचा जोडदांडा द्या. शिलाई मशीनच्या पायट्याला जो दांडा असतो तीच ही रचना. भुजा एक वेढा घेते तेवढ्यात पट्टी २० सेंमी जाऊन परत येते, फेरी दोन मिनिटांची. गंमत अशी की टोकांना थांबण्याचे काम भूमितीच करते: जवळपास तिसरा भाग वेळ दिवा दोन्ही टोकांच्या सव्वा-दीड सेंमीत घालवतो. दिशा बदलताना झटका बसत नाही, आणि वीज जाऊन आली तरी मोटर कुठूनही पुन्हा सुरू होते.

टॉर्कचा हिशेबही करून ठेवा. दोन दिवे आणि पट्टी मिळून ८ किलो धरले तर चाकांवरचे घर्षण २ ते ४ न्यूटन. १० सेंमी भुजेवर ते जास्तीत जास्त ४ किलो-सेंमी होते. १० किलो-सेंमीची मोटर घ्यायची ती पुढे मीठ बसून चाके जड होतील म्हणून. भुजेचा शाफ्टवरचा स्क्रू गोल शाफ्टवर घसरतो, म्हणून डी आकाराचा शाफ्ट बघून घ्या. जोडदांड्याच्या दोन्ही टोकांना रॉड एंड बेअरिंग लावा. नुसता बोल्ट आणि भोक ठेवले तर भोक वाढत जाते आणि दिवा प्रत्येक वळणावर टक् असा आवाज करतो.

रुळासाठी २०४० मापाचे व्ही-स्लॉट अ‍ॅल्युमिनियम, लांबी १५० सेंमी, उभ्या बाजूवर बसवलेले, म्हणजे मधे कमी वाकते. त्यावर चाकांच्या दोन गॅन्ट्री प्लेट. चाके डेलरिनची, बेअरिंग स्टेनलेसचे, सगळे बोल्ट एसएस ३१६. चाकाचा विकेंद्री नट असा आवळा की बोटाने चाक फिरवले तर रुळावर थोडे अडत घसरावे. फार घट्ट असेल तर मोटर ओढत राहील, सैल असेल तर दिवा हलेल. रूळ छताला टांगायचा तर स्लॅबमध्ये चार एम-८ अँकर फास्टनर मारा, पीओपीच्या छताला अजिबात नको. दिवे तारांवर टांगू नका, एल ब्रॅकेटने पट्टीला घट्ट धरा. आणि प्रत्येक दिव्याला एक स्वतंत्र स्टीलची वायर थेट रुळाला बांधा, मुख्य पकड सुटली तरी दिवा पाण्यात जाऊ नये म्हणून. ही वायर विसरायची गोष्ट नाही.

टाकीच्या वर पितळ, तांबे किंवा जस्ताचा मुलामा असलेले काहीही नको. खाऱ्या पाण्याचे तुषार रुळावर सुकतात, मिठाची पांढरी साय चढते, आणि दमट दिवसांत तीच साय पाणी ओढून थेंब होऊन खाली पडते. त्या थेंबात तांबे विरघळून आले तर अपृष्ठवंशी जीवांना ते अगदी थोड्या प्रमाणातही विषारी असते. म्हणून मोटर टाकीच्या बाजूच्या काचेबाहेर बसवा, पाण्याच्या वर नव्हे.

वायरीचाही विचार करा. दोन मिनिटांची फेरी म्हणजे दहा तासांत ३०० वेळा आणि वर्षाला एक लाखाहून जास्त वेळा तीच वायर वाकते. नेहमीची पीव्हीसी वायर काही महिन्यांत कडक होते आणि आतली तार तुटते. वरचे आवरण धडधाकट दिसत असल्यामुळे दोष सापडत नाही, दिवा मधेच लुकलुकतो. सिलिकॉन आवरणाची बारीक धाग्यांची ०.७५ चौरस मिमीची वायर घ्या आणि तिला हाताच्या पंज्याएवढा सैल वळसा द्या. दिव्याचा अ‍ॅडॉप्टर आणि मोटरचा एसएमपीएस (१२ व्होल्ट देणारा डबा) जमिनीवर नाही आणि टाकीवरही नाही, बाजूच्या भिंतीवर लावा. सॉकेटपर्यंत जाणारी वायर आधी सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेले पाणी झोळातच गळून पडते. सगळ्या जोडणीच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

ज्यांना तरीही एकाच दिव्याची लांब फेरी करायची आहे त्यांच्यासाठी: नेमा १७ स्टेपर, टीएमसी२२०९ ड्रायव्हर, जीटी२ पट्टा आणि २० दातांची पुली. पुलीच्या एका वेढ्यात पट्टा ४० मिमी सरकतो, म्हणजे १/१६ मायक्रोस्टेपला मिलिमीटरमागे ८० पावले. ७० सेंमी तीन मिनिटांत जायला सेकंदाला सुमारे ३१० पावले पुरतात. प्रत्येक टोकाला दीड मिनिट थांबवले की नऊ मिनिटांची फेरी होते आणि तिसरा भाग टोकांना जातो. पट्टा काचतंतूंचा घ्या, आत स्टीलची तार असलेला गंजतो. चालू होताना दिव्याने आधी एका टोकाचा लिमिट स्विच शोधलाच पाहिजे.

या रचनेत खरा धोका दिवा मधे अडकण्याचा आहे. समजा सकाळी अकराला पट्टा सुटला आणि दिवा एका वसाहतीवर थांबला. सरासरी २०० ला सरावलेल्या प्रवाळावर ४०० पार दिवसभर पडते, आणि अशी सलग दोन-तीन दिवसांची चूक टोके पांढरी करायला पुरते. त्यासाठी प्रोग्रॅममध्ये एक अट घाला: नेहमीच्या वेळेच्या दीडपट वेळात लिमिट स्विच लागला नाही, तर दिव्याचा प्रकाश आपोआप निम्मा करायचा आणि बझर वाजवायचा. दिवा ०-१० व्होल्ट किंवा पीडब्ल्यूएमने मंद होणारा असेल तर हे सोपे आहे. लहान फेरीच्या रचनेत ही भीती जवळपास नसते. दिवा कुठेही अडकला तरी खालचा आकडा फारसा बदलत नाही, फक्त सावली पुन्हा स्थिर होते.

वेगाबद्दल एक गोष्ट बरेच जण दुर्लक्षित करतात. टाकीत ट्रायडॅक्ना शिंपला असेल तर त्याच्या पसरलेल्या निळ्या-हिरव्या मँटलच्या, म्हणजे मांसल पडद्याच्या, काठावर बारीक डोळ्यांची रांग असते. उजेड एकदम कमी झाला की तो संकट समजून मँटल आत ओढून घेतो. सावली भरभर फिरत राहिली तर तो दिवसभर अर्धा मिटलेला राहील आणि उपाशी पडेल. सर्जन माशांनाही पळती सावली आवडत नाही. वर सांगितलेल्या दोन मिनिटांच्या फेरीत पट्टीचा सर्वांत जास्त वेग सेकंदाला ५ मिमीच्या आसपास राहतो, तो चालतो. मोटर १० आरपीएमची लावून "लवकर फिरली तर चांगलेच" असा विचार करू नका.

मोजमाप कसे करायचे? सरकत्या दिव्याखाली एका क्षणाचे वाचन निरर्थक असते. पार मीटरचा सेन्सर फ्रॅगच्या जागी ठेवा, मीटरच्या पडद्याचा मोबाइलवर एका पूर्ण फेरीचा व्हिडिओ घ्या आणि नंतर दर दहा सेकंदांचा आकडा लिहून सरासरी काढा. दोन मिनिटांच्या फेरीला बारा आकडे होतात. निदान नऊ जागा मोजा: डावी, मधली, उजवी, आणि प्रत्येक ठिकाणी वर, मधे, तळाला. सरासरीबरोबर सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडाही लिहा. दोघांत तिपटीपेक्षा जास्त फरक असेल तर फेरी लांब आहे किंवा दिवा फार खाली आहे. हवेसाठी जुळवलेला सेन्सर पाण्यात कमी दाखवतो, त्याचा गुणक उत्पादकाच्या पत्रकात असतो, तो लावा. मोबाइलचे लक्स अ‍ॅप वापरू नका. लक्स हिरव्या उजेडाला झुकते माप देते आणि आपले दिवे बहुतांश ४२० ते ४७० नॅनोमीटरच्या निळ्यात असतात, त्यामुळे आकडा हास्यास्पद कमी येतो आणि माणूस दिवा वाढवून प्रवाळ जाळतो. मीटर विकत घेणे महाग आहे. ओळखीच्या रीफवाल्याकडून एक दिवस मागून आणा.

नवी रचना सुरू करताना दोन्ही दिवे ४० टक्क्यांवर ठेवा आणि दर चार दिवसांनी ५ टक्के वाढवा, ७० ला पोचायला साधारण साडेतीन आठवडे लागतील. शैवाल नव्या प्रकाशाला जुळवून घ्यायला काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ घेते. टोके फिकी पडली तर एक पायरी मागे या आणि दहा दिवस तिथेच राहा. उलट तपकिरी रंग गडद होत गेला तर लगेच प्रकाश वाढवू नका, आधी नायट्रेट आणि फॉस्फेट बघा. पोषकद्रव्ये जास्त असली तरी प्रवाळ तपकिरी होते. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ठीक. दोन्ही शून्यावर नेऊन वर प्रकाश वाढवणे हा फिकेपणाचा हमखास रस्ता आहे.

पूर्वी सावलीत असलेल्या फांद्या सांगाडा घालायला लागल्या की क्षारतेची मागणी वाढते. पहिला महिनाभर रोज एकाच वेळी केएच, म्हणजे क्षारता, मोजा. ८ ते ९ डीकेएच (क्षारतेचे एकक) धरून ठेवा, दिवसात अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त हलू देऊ नका. कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३५० च्या आसपास. केएच पूर्वीपेक्षा लवकर उतरू लागला तर ती चांगली बातमी आहे, डोस त्या प्रमाणात वाढवा. दुसरा दिवा आल्याने पाण्याचे तापमानही बघा. २५ ते २६ अंशांच्या वर जात असेल तर एप्रिल-मेमध्ये चिलरवर ताण येईल. इन्व्हर्टरवर काय ठेवायचे असा प्रश्न आला तर आधी प्रवाहाचा पंप, दिवे आणि मोटर नंतर. प्रवाळ काही तास अंधारात सहज राहते, साचलेल्या पाण्यात नाही.

नवे फ्रॅग घ्याल तेव्हा एक सांभाळा. आपल्याकडे सगळी कठीण प्रवाळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या खडकावरचा असो की लक्षद्वीपचा, समुद्रातून उचललेला तुकडा ठेवणे हा गुन्हा आहे, मेलेला असला तरी. कठीण प्रवाळे सायटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही आहेत, म्हणून आयात मालाचे कागद विक्रेत्याकडे मागा आणि ते नसतील तर फ्रॅग घेऊ नका.

देखभालीला आठवड्यात दहा मिनिटे पुरतात. आरओच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने रूळ आणि चाके पुसा, मिठाची साय बेअरिंगच्या तोंडाशी दिसली तर तेव्हाच काढा. रुळाला तेल किंवा ग्रीस लावू नका, ते पाण्यात उतरते आणि त्यावर मीठ चिकटते. महिन्यातून एकदा मोटर बंद करून जोडदांडा सोडा आणि पट्टी हाताने सरकवून पाहा. एका बोटाने सुरळीत गेली पाहिजे. अडली तर चाके बदलायची वेळ झाली आहे. त्याच दिवशी दोन्ही सुरक्षा वायरी ओढून बघा आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबा.